पाळण्याची खालची दांडी

मला राग लवकर येतो आणि तो थेट हातात उतरतो. कुणावर हात उगारत नाही मी, पण राग आला की काहीतरी खोलावंसं, पुन्हा जोडावंसं वाटतं. चाकणच्या एका कंपनीत मी फिक्स्चर डिझाइन करते, त्यामुळे या स्वभावाचा मला पगारही मिळतो. मशीनवर काम चालू असताना पार्ट जागचा हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणारी लोखंडी बैठक म्हणजे फिक्स्चर. गाडीचं मॉडेल बदललं की पार्ट बदलतो. दर वेळी नवी बैठक करायची म्हटलं तर साहेब लोकांचे डोळे पांढरे होतात. म्हणून आम्ही ती अशी बनवतो की चार बोल्ट काढून दुसऱ्या भोकांत लावले की तीच नव्या पार्टला चालावी. जुनी भंगारात जात नाही, नवी करावी लागत नाही. वर्षानुवर्षं मी हे कंपनीत करत होते आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून पिंपळे गुरवला उतरून ज्या घरात शिरत होते, तिथं मात्र सगळं उलटं चाललेलं होतं.

आमच्या सोसायटीत कचऱ्याच्या डब्यांशेजारी एक कोपरा आहे. तिथं लोक मुलांच्या वस्तू आणून ठेवतात. चाक निघालेले वॉकर, कार्टूनची चित्रं असलेले प्लॅस्टिकचे डेस्क, पावसाळ्यात फुगून भुसा बाहेर आलेले छोटे पलंग. वस्तू मोडलेली असतेच असं नाही. मूल मोठं झालेलं असतं, एवढंच. कचरागाडीवाला ते उचलत नाही आणि मांजरं त्यात पिल्लं घालतात. मी तिथून जाताना रोज मनात दोन शिव्या घालायचे. पण तो राग लांबचा होता. घरातला राग यायला एक पाळणा कारण झाला.

माझी लेक झाली तेव्हा माझ्या वडिलांनी पिंपरी कॅम्पातून स्टीलचा पाळणा आणला होता. आमच्यात पहिल्या बाळाचा पाळणा बाळंतिणीच्या माहेरून येतो, आणि भावकीतल्या बायका बाळाच्या आधी पाळणाच बघतात. वडिलांनी दुकानातला एकेक पाळणा हलवून, कुरकुरतो का ते कान लावून ऐकून हा निवडला होता. लेक त्यात जेमतेम सहा महिने झोपली. ती उठून बसायला लागली तसा पाळणा माळ्यावर गेला आणि पुढं एका दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंनी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. मी कंपनीतून आले तर माळ्यावर नुसती गाद्यांची गाठोडी.

"गंजला व्हता," सासूबाई म्हणाल्या. "कशापायी ठिवायचा? कुणाच्या उपेगाचा हाय त्यो?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच मला जास्त लागलं. सहा महिन्यांनंतर त्या वस्तूला दुसरं काही होताच येत नव्हतं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर येऊन तोंड पुसलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की या घरात यापुढं मुलांसाठी एकच वस्तू येईल, ती मी करीन आणि ती भंगारात जाणार नाही. नवरा म्हणाला, "बरं, इंजिनियरबाई." त्याला वाटलं दोन दिवसांत राग ओसरेल.

राग ओसरला नाही. परदेशातून आमच्या भागातल्या कंपन्यांत मशीन येतात त्या पाइनच्या लाकडाच्या मोठमोठ्या पेट्यांतून. मशीन आत जातं आणि पेट्या भंगाराच्या बाजारात. तिथं उन्हात उभी राहून मी फळ्या निवडायचे. कीड मारायला औषध मारलेल्या फळ्यांवर वेगळा शिक्का असतो आणि नुसती उष्णता दिलेल्यांवर वेगळा. मूल फळी चाटणार हे धरूनच चालायचं असतं, म्हणून मी फक्त उष्णतेचा शिक्का बघून घ्यायचे. भंगारवाल्याला वाटायचं बाईला फळीवरची अक्षरं वाचायचा नाद आहे. खिळे नवऱ्यानं आणि मी उपटले, ओळखीच्या सुताराकडून फळ्या रंधून आणल्या आणि वरून जवसाचं तेल लावलं.

मी जे केलं ते सांगायला सोपं आहे. दोन उभ्या बाजू, माझ्या छातीएवढ्या उंच, आणि त्यांत खालपासून वरपर्यंत भोकांची रांग. दोन्ही बाजू जोडणाऱ्या दोन आडव्या दांड्या, एक वर, एक खाली. आणि मधे चार बोटं काठाचा एक लाकडी ट्रे. ट्रे पालथा करून खालच्या भोकांत बसवला की मांडी घालून बसणाऱ्या मुलाचं डेस्क. मूल वाढलं की ट्रे वर चढवायचा, शेवटी खुर्ची लावून बसायचं टेबल. तेव्हा खालची दांडी पाय ठेवायला आणि वरची पुस्तकांना टेकू द्यायला. सगळं मिळून बोल्ट मोजके आणि किल्ली एकच, ती इंग्रजी एल अक्षरासारखी वाकडी, जिला आम्ही एलन की म्हणतो.

लेकीच्या दर वाढदिवसाला आमच्याकडं आधी ओवाळणी आणि मग बोल्ट, असा रिवाज पडला. ट्रे एक भोक वर गेला की ती टाळ्या वाजवायची. सासूबाई मात्र बाजूला बसून सुपारी कातरत म्हणायच्या, "गावात आमची एवढी जिमीन व्हती, आन् माझी नात खोक्याच्या फळीवर आभ्यास करती." जमीन गेली, तिच्यावर इमारती आल्या, त्यातल्याच एका इमारतीत आम्ही राहतो. खोकं हा शब्द त्या असा उच्चारायच्या की ऐकणाऱ्यानं ओशाळावं. मी ओशाळत नसे. मी एलन की खिशात टाकून स्वयंपाकाला लागायचे, पण भाकरी थापताना आवाज जरा जास्त व्हायचा.

त्याच ट्रेचा पाळणाही होऊ शकतो हे मी पहिल्या दिवसापासून कागदावर काढून ठेवलं होतं. ट्रे सुलटा करायचा, चार कोपऱ्यांतून सुती दोर घ्यायचे आणि वरच्या दांडीला टांगायचे. माझ्या लेकीचं पाळण्याचं वय उलटून गेलं होतं, म्हणून तो कधी टांगला नव्हता.

मग धाकट्या जावेला दिवस गेले. जाऊ मराठवाड्याकडची. तिचे आईवडील कामासाठी इकडं आले आणि नदीपलीकडं दापोडीत, रेल्वेलाइनजवळच्या गल्लीत दोन खोल्यांत राहिले. तिच्या वडिलांची कंत्राटी नोकरी नेमकी त्याच महिन्यांत सुटली होती. एका दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो आणि ती मान वर न करता म्हणाली, "ताई, माय पाळणा बघत फिरायलीय. मला नको वाटायलंय. पण नाही आणला तर इथल्या बायका माझ्या मायला काय म्हणतील?"

भावकीतल्या बायका काय म्हणतील ते मला तोंडपाठ होतं. लग्नात त्यांनी तिच्या माहेरच्या रुखवताला नावं ठेवली होती आणि ही पोरगी वर्षभर खाली मान घालून वावरत होती.

"पाळणा तुझ्या माहेरूनच येईल," मी म्हणाले. "तू काळजी सोड."

लेकीनं आपली वह्यापुस्तकं आनंदानं डायनिंग टेबलावर हलवली. मी टेबल खोललं, दोन बाजू, दोन दांड्या, ट्रे असं सगळं दोरीनं बांधलं आणि रिक्षात घालून पूल ओलांडून दापोडीला नेऊन पोचवलं. जावेच्या वडिलांनी प्रत्येक फळी पॉलिशपेपरनं घासून पुन्हा तेल पाजलं. आईनं आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, दोरांना लाल कापडाची वेटोळी घातली, ट्रेच्या काठाला झालर लावली. हे कुणी दिलेलं नव्हतं, त्यांनी केलेलं होतं. फक्त एक झालं, त्यांच्या खोलीत तो पूर्ण उभा करायला जागाच नव्हती. म्हणून तो तसाच सुटा, गोधडीत गुंडाळून ठेवला गेला. मीही म्हटलं, उभा काय बारशालाच करू. ट्रेवर मी कंपनीतून आणलेली वजनं ठेवून बघितली होती, त्यात तांदळाचं पोतं सहज पेललं असतं. मी निर्धास्त होते.

हे सासूबाईंपासून लपणारं नव्हतं आणि मला लपवायचंही नव्हतं. टेबलाची जागा रिकामी दिसली तशी त्यांनी मला हाक मारली.

"त्यो खोक्याचा पाळणा करनार म्हनं तुमी."

"हो, आई. त्यांच्याकडून येतोय. गोधडी बघा एकदा, काय सुरेख शिवलीय."

"गोधडीचं न्हाई बोलत मी." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "बारशाला बघीन. मनाला पटला तर लेकराला घालीन त्यात. न्हाई पटला तर तितंच साडीची झोळी बांधीन. मग म्हनू नगा, चारचौघांत बोलली."

त्या बोलतात ते करतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि चारचौघांत झोळी बांधणं म्हणजे माहेरचा पाळणा नाकारणं. जावेचा चेहरा मी बघितला नाही, बघवला नसता.

जावेला मुलगी झाली. बारसं इमारतीच्या पार्किंगमध्ये होतं. गाड्या बाहेर काढून खाली सतरंज्या अंथरलेल्या, एका कडेला घुगऱ्यांचं पातेलं. जावेचे आईवडील रिक्षातून पाळणा घेऊन आले. तिच्या वडिलांनी आणि मी तो तिथंच उभा केला. बायका चहा घेईपर्यंत दोन बाजू, दोन दांड्या आणि ट्रे जागच्या जागी बसले. गोधडी अंथरली, झालर सारखी केली, आणि खरं सांगते, माझी छाती भरून आली. कंपनीत इतकं लोखंड उभं केलं, पण असं कधी वाटलं नव्हतं. एकदोघींनी गोधडीवरून हात फिरवला. एकीनं तर पाळणा कुठल्या दुकानातला म्हणून विचारलं. जावेच्या आईनं कितीतरी दिवसांनी ताठ बसून चहा प्यायला.

सासूबाईंच्या हातावर मात्र एक जुनी सुती साडी घडी करून ठेवलेली होती.

आमच्यात बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंटा घालतात. पाट्यावर वाटायचा तोच दगडी वरवंटा, धुऊन, कुंची घालून, बाळासारखा सजवून. दोन बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि गोविंद-गोपाळ म्हणत तो एकमेकींच्या हातात देतात, एकदा पाळण्याखालून, एकदा पाळण्यावरून. नंतर बाळाला तसंच. माझ्या चुलतसासूबाई या कामात पटाईत. त्या वाकल्या, वरवंटा खालून पलीकडं सरकवायला गेल्या, आणि तो टक्कन लाकडावर आपटला.

खालची दांडी. दोन्ही बाजू खालून घट्ट धरणारी, सांगाडा जराही डगमगू नये म्हणून मी मुद्दाम घातलेली खालची दांडी. तिच्या आणि ट्रेच्या मधून वरवंटा निघेना, तर बाळ कुठून निघणार.

चुलतसासूबाईंनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. पुन्हा टक्क. "आता गं बया," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "लेकराला काय मोरीतनं काडायचं व्हय?"

बायका हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "दुकानातला असता तर असं झालं नसतं." आता हसणं थोडं वेगळं झालं. जावेच्या आईनं हातातला कप खाली ठेवला आणि पदर डोक्यावर ओढला. जाऊ बाळाला छातीशी धरून खुर्चीवर बसली होती, तिचे डोळे भरले. सासूबाईंनी हातावरच्या साडीची घडी उलगडायला सुरुवात केली.

मला स्वतःचाच इतका संताप आला की कानशिलं तापली. कंपनीत नवं फिक्स्चर काढताना पहिला प्रश्न आम्ही हाच विचारतो, की माणसाचा हात कुठून जाणार. नव्या पोरांना मी स्वतः हे शिकवते. आणि घरच्या पाळण्याला मी वजनाचं विचारलं, तेलाचं विचारलं, शिक्क्याचं विचारलं, पण बारशाला खालून हात घालावा लागतो हे काही आठवलं नाही. माझ्या लेकीच्या बारशाला मी खुर्चीत बसून पेंगत होते. पाळण्याखालून काय चाललंय ते मी पाहिलंच नव्हतं.

पण त्या संतापातच मला भोकं दिसली. दोन्ही बाजूंच्या माथ्यावरच्या आडव्या पट्टीत मी शेजारी शेजारी जास्तीची भोकं पाडून ठेवली होती, पुढं कधी पुस्तकांची फळी रुंद करायची झाली तर म्हणून.

"आई, थांबा," मी म्हणाले. "साडी तशीच धरा. चहा संपायच्या आत करून देते."

मी पर्समधून एलन की काढली, नव्या कोऱ्या काठपदराच्या साडीत खाली सतरंजीवर बसले आणि बोल्ट फिरवायला लागले. नवरा वाकून हळूच म्हणाला, "अगं, डगमगेल ना?" मी म्हणाले, "बाजू धरून ठेव आणि बोलू नकोस." जावेच्या वडिलांनी काही न विचारता दुसरी बाजू धरली. खालची दांडी निघाली. ती मी वर घेतली आणि पहिल्या दांडीच्या शेजारी बसवली. जोड दांड्या झाल्या. बोल्ट आवळताना किल्ली एकदाही घसरली नाही.

"बघा," मी उठून म्हणाले.

सासूबाई पुढं आल्या. साडी त्यांनी जावेच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली. दोन्ही हात वरच्या दांड्यांवर ठेवले आणि अंगातलं सगळं बळ घालून खाली दाबल्या, मग आडव्या हलवून पाहिल्या. सांगाडा जागचा हलला नाही. त्यांनी चुलतसासूबाईंच्या हातातून वरवंटा घेतला, गोधडीवर ठेवला आणि दोरी अशी ओढली की बायका मागं सरकल्या. पाळणा गेला, आला, गेला, आला. कुरकुरला नाही. मला माझे वडील आठवले, दुकानात पाळण्याला कान लावून उभे असलेले.

मग सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि आपला हात ट्रेच्या खालून या बाजूकडून त्या बाजूला नेला.

"निघंल लेकरू," त्या म्हणाल्या.

चुलतसासूबाई पुन्हा आपल्या जागेवर उभ्या राहायला निघाल्या तर सासूबाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि मागं वळून बघितलं. "विहीणबाई, तितं काय बसलाय? या अशा पलीकडं. पाळणा तुमी आनलाय, आपुन दोगी घिऊ."

जावेची आई उठली. डोक्यावरचा पदर मागं गेला तरी तिनं तो सावरला नाही. आधी वरवंटा गेला, खालून आणि वरून. मग आमची चिमुरडी, लाल कुंचीतली, या आजीच्या हातातून त्या आजीच्या हातात, खालून अगदी सहज, मधे काही आडवं न येता. पार्किंगमध्ये गोविंद-गोपाळचा एवढा गजर झाला की वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. बाळ पाळण्यात निजलं, आत्यानं कानात नाव सांगितलं, आणि जाऊ रडत रडत हसत होती. मी तर सरळ हसत होते. इतका आनंद मला प्रमोशनच्या पत्रानंही झाला नव्हता. साडीला सतरंजीची धूळ लागली होती आणि ती मी दिवसभर झटकली नाही.

घुगऱ्या खाताना चुलतसासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या सुनेला चौथा महिना होता. "पाच-सहा म्हयन्यांनी ह्यो मोकळा व्हईलच की," त्या म्हणाल्या.

"मोकळा नाही होणार, काकी. त्याचं डेस्क होणार."

"मंग आमाला?"

"तुम्हाला नवा. पण पेट्यांचे खिळे तुमच्या मुलानं उपटायचे." त्यांच्या मुलानं खिळे उपटले. पुढं आणखी तिघींच्या घरी उपटले गेले. आता रविवारी आमच्या पार्किंगमध्ये कुणी ना कुणी फळी घासत असतं. कचऱ्याच्या डब्यांशेजारचा कोपरा अगदी रिकामा झालाय असं नाही, पण मांजरं आता दुसरीकडं गेलीत.

बारशाच्या त्या संध्याकाळी सगळं आवरल्यावर सासूबाईंनी मला खोलीत बोलावलं. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा त्यांनी काढून मांडीवर ठेवला होता. "ती वाकडी किल्ली दे हिकडं," त्या म्हणाल्या. "आन् कुटलं भोक कुनाचं त्ये नीट दाव मला. तू जाती कंपनीत. लेकरू वाडलं आन् तू घरी नसली, मंग?" मी दाखवलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि एलन की कपाटाच्या आणि तिजोरीच्या किल्ल्यांच्या मधे ओवून टाकली.

दिवाळीच्या आधी जावेची लेक उठून बसायला लागली. मी चाकणहून आले तर ट्रे पालथा होऊन खालच्या भोकांत बसलेला, खालची दांडी खाली, आणि ती त्यावर तळहात आपटत होती. बोल्ट इतके घट्ट आवळलेले की मला सैल करायला नवऱ्याला हाक मारावी लागली असती. मी ते तसेच राहू दिले.

त्या आठवड्यात घरोघरी साफसफाई चालू होती. खालून भंगारवाल्याची आरोळी आली, स्टीलचा पाळणा घेऊन गेला होता तोच. सासूबाई गॅलरीत गेल्या. मी आतून कान देऊन ऐकत होते.

"आमच्याकडं काय न्हाई, बाबा," त्यांनी वरूनच सांगितलं. "तू फुडं जा."